खोप्यात बसलेला पाहुणा: ओकावांगोतील कीजेरा लॉजचा प्रकरण अभ्यास

महागड्या सफारी लॉजच्या ओसरीवर एक खुर्ची हमखास आढळते. तिला टोकाकडे निमुळते होत गेलेले चार गोल पाय असतात, पायांना पाडलेल्या भोकांत नुसत्या दाबून बसवलेल्या आडव्या दांड्या असतात, आणि बसायला व टेकायला ताणून बांधलेले कॅनव्हास व चामड्याचे पट्टे. कुठे खिळा नाही, कुठे सरस नाही. सांधे मुद्दाम सैल ठेवलेले असल्यामुळे जमीन कितीही उंचसखल असली तरी माणूस बसताच चारही पाय आपोआप टेकतात, आणि मुक्काम हलवताना सगळी खुर्ची सुटी करून तिची एक वळकटी होते. ही 'सफारी चेअर' म्हणून ओळखली जाते, पण तिचा जन्म आफ्रिकेत झालेला नाही. तो झाला आपल्या रुडकीला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, लष्करी अभियंत्यांच्या हातून, इंग्रज अधिकाऱ्यांच्या तंबूंसाठी. अधिकाऱ्यांबरोबर ती आफ्रिकेत गेली आणि १९३३ मध्ये कोरे क्लिंट या डॅनिश डिझायनरने तिचा सुधारित अवतार काढला. म्हणजे ज्या वस्तूवरून आपण 'आफ्रिकी जंगलातला थाट' ओळखतो, तिला आफ्रिकी कारागिराचा हात कुठेच लागलेला नाही.

या प्रकरणातला पेच नेमका हाच आहे. 'सफारी' हा स्वाहिली शब्द आणि आपला 'सफर' हे दोन्ही एकाच अरबी मुळाचे, आणि स्वाहिलीत त्याचा अर्थ प्रवास एवढाच होतो. मात्र सफारीची म्हणून जी सजावट जगभर रूढ झाली, ती वसाहतकाळातल्या शिकारी छावणीची आहे. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत शिकारीला गेले, तेव्हा त्यांचा संसार शेकडो हमालांच्या डोक्यावरून चालला होता; घडीचे पलंग, पितळी कंदील, चामडी पेट्या ही त्या प्रवासाची सोय होती. पुढे हमाल गेले, बंदुकाही बऱ्याच ठिकाणी गेल्या, आणि सोयीच्या वस्तू शोभेच्या होऊन बसल्या. त्यांच्या जोडीला भिंतीवर एक मुखवटा आणि गादीवर भडक नक्षीची उशी आली. ती नक्षीसुद्धा मुळात इंडोनेशियाच्या बाटिकची. डच कारखानदारांनी तिची यंत्रावर नक्कल केली आणि तिला बाजारपेठ मिळाली पश्चिम आफ्रिकेत. यिंका शोनिबारे या ब्रिटिश-नायजेरियन कलावंताने हेच कापड हाताशी धरून 'अस्सल आफ्रिकी' या कल्पनेची वर्षानुवर्षे फिरकी घेतली आहे.

आजच्या आफ्रिकी कलेवरून स्फूर्ती घेऊन सफारी लॉज उभारायचा, असे कोणी ठरवले तर या सगळ्या सामानाचे काय करायचे? बोट्स्वानातील कीजेरा लॉजने या प्रश्नाला दिलेले उत्तर मला अभ्यासण्याजोगे वाटते. ते सगळेच्या सगळे पटण्याजोगे नाही आणि म्हणूनच अधिक उपयोगाचे आहे. (आपल्याकडे 'लॉज' म्हटले की एस.टी. स्थानकासमोरची पाटी डोळ्यांपुढे येते. येथे अर्थ नेमका उलटा घ्यायचा आहे: एकूण बारा निवासिका, आणि एका रात्रीचे भाडे आपल्याकडच्या कित्येक कुटुंबांच्या महिन्याच्या खर्चाहून जास्त.)

जागा

ओकावांगो नदी समुद्राला मिळत नाही. अंगोलाच्या पठारावर उगम पावून ती कलहारीच्या वाळूत शिरते, पंख्यासारखी पसरते आणि तिचे जवळजवळ सगळे पाणी तेथेच हवेत आणि वनस्पतींत विरून जाते. उतार इतका कमी आहे की अंगोलात पडलेला पाऊस त्रिभुज प्रदेशाच्या खालच्या टोकाला पोचेपर्यंत चार-पाच महिने जातात. त्यामुळे बोट्स्वानात कोरडा हिवाळा असताना, जून ते ऑगस्टच्या सुमारास, येथे पूर असतो. आजूबाजूचा मुलूख तहानलेला असताना पाणी फक्त येथे असते, म्हणून जनावरे येथे येतात आणि त्यांच्यामागून पर्यटक. २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत हा प्रदेश आला, तेव्हा तो यादीतला हजारावा ठरला. कीजेरा ज्या मोरेमी अभयारण्यात आहे, ते त्याच्याही कितीतरी आधीचे, १९६३ चे. ते कोणा गोऱ्या अधिकाऱ्याने नव्हे, तर तेथील बटावाना लोकांनी, दिवंगत प्रमुख मोरेमी तिसरे यांच्या पत्नीच्या पुढाकाराने, स्वतःच्या जमिनीवर राखले. या लॉजच्या संदर्भात हा तपशील विसरून चालणार नाही. त्याकडे मी पुढे परत येणार आहे.

बांधकामाच्या दृष्टीने जागेच्या अटी कडक आहेत. पाणी दरवर्षी सारखे येत नाही. २०१९ मध्ये, म्हणजे लॉजचे काम चालू असण्याच्या काळातच, पूर फारच तुटपुंजा आला होता. म्हणून इमारत जमिनीला चिकटून ठेवता येत नाही. ती खांबांवर उचलावी लागते आणि एका निवासिकेतून दुसरीकडे जायला लाकडी पूलवाटा बांधाव्या लागतात, ज्यांच्या खालून पाणीही जाईल आणि जनावरांची येजाही अडणार नाही. शिवाय तेथील कित्येक बेटे मुळात वाळवीच्या वारुळांभोवती गाळ साचून तयार झालेली आहेत. ज्या किड्याने पायाखालची जमीन घडवली, तोच तुमच्या लाकडी खांबांवर टपलेला असतो. हे मला या जागेचे सर्वांत बोलके लक्षण वाटते. आणि जे काही आणायचे, ते मऊन या शेवटच्या मोठ्या गावाच्या पुढे वाळूतून वाहनाने किंवा छोट्या विमानाने. मोठे शिल्प हवे असेल तर ते तेथवर पोचेल कसे, हा विचार रेखाटनाच्या दिवशीच करावा लागतो.

बोट्स्वानाचे पर्यटन धोरण थोडे पाहुणे आणि जास्त दर असे आहे. लॉजमध्ये खोल्या वाढवून उत्पन्न वाढवण्याचा मार्ग त्यामुळे बंद होतो, आणि प्रत्येक खोलीवर भरमसाट खर्च करण्याला हिशेबाचे बळ मिळते. येथल्या कलासंग्रहाच्या मुळाशी रसिकतेइतकेच हे गणितही आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

गॅलरी आधी, सामान नंतर

या जागी पूर्वी एक साधा कॅम्प होता. रेड कार्नेशन हा हॉटेलसमूह चालवणाऱ्या टोलमन कुटुंबाने तो घेऊन पूर्णपणे नव्याने बांधला आणि कोविडने सीमा बंद केलेल्या २०२० च्या अखेरीस तो सुरू झाला. वास्तुरचना अँटन डी कॉक यांची, अंतर्गत सजावट फिलिप फूरी आणि टोनी टोलमन यांची. वीज बहुतांशी सौर. दिवसा साठवलेली ऊर्जा रात्री लिथियम बॅटऱ्यांतून मिळते, त्यामुळे डिझेल जनित्राचा आवाज एरवी नसतो. 'कीजेरा' हे नाव स्थानिक भाषेतले असून ते आपल्याही पाणवठ्यांवर दिसणाऱ्या कवड्या धीवराचे, त्या काळ्यापांढऱ्या, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबणाऱ्या पक्ष्याचे आहे.

हा प्रकल्प वेगळा ठरतो तो एका निर्णयामुळे. सामान्यतः अशा कामात वास्तुविशारद इमारत उभी करतो, सजावटकार सामान भरतो आणि शेवटी भिंती मोकळ्या दिसतात म्हणून कोणाला तरी चित्रे आणायला सांगितले जाते. येथे केप टाउनची सदर्न गिल्ड ही गॅलरी सुरुवातीपासून भागीदार म्हणून बरोबर होती. ट्रेव्हिन आणि ज्युलियन मॅकगोवन या दांपत्याने २००८ मध्ये सुरू केलेल्या या गॅलरीचा भर चित्रांपेक्षा वापरात येणाऱ्या पण एकुलत्या एक घडवलेल्या वस्तूंवर आहे: खुर्च्या, दिवे, घट, बाके. तेव्हा कलावंतांना भिंतीवरची रिकामी जागा दिली गेली नाही. बसणे, टेकणे, शेकोटीभोवती जमणे, दार उघडणे अशी कामे दिली गेली. माझ्या मते या प्रकरणातून शिकण्यासारखे सर्वांत जास्त येथेच आहे. वस्तूला काम दिले की तिला त्या जागेशी बोलावेच लागते; नुसती शोभेची वस्तू कुठल्याही शहरातल्या दिवाणखान्यात तितकीच शोभते.

येथे 'समकालीन आफ्रिकी कला' म्हणजे काय, हे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण मुखवट्याच्या सवयीमुळे आपल्या डोळ्यांपुढे दुसरेच काही येते. घानात १९४४ मध्ये जन्मलेले आणि नायजेरियातल्या न्सुका येथे काम केलेले एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची हजारो झाकणे ठोकून चपटी करतात, तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवतात आणि भिंतभर वस्त्रासारखी लोंबती ठेवतात. दुरून जरीचा शेला वाटणाऱ्या त्या कामात युरोप, आफ्रिका आणि अमेरिका यांच्यातला दारूचा आणि गुलामांचा व्यापार गुंफलेला असतो. एस्थर मह्लांगू या दक्षिण आफ्रिकेतल्या न्देबेले समाजाच्या चित्रकर्तीने घराच्या भिंतींवरची भौमितिक नक्षी १९९१ मध्ये बीएमडब्ल्यू मोटारीवर रंगवली. केप टाउनच्या बंदरावर धान्याच्या जुन्या कोठाराची नळकांडी पोखरून २०१७ मध्ये झाइट्झ संग्रहालय उघडले, ते केवळ आफ्रिका खंड आणि आफ्रिकेबाहेर पसरलेल्या आफ्रिकी वंशाच्या समाजांतील एकविसाव्या शतकातल्या कामासाठी. यांपैकी कशातही 'आदिम' असे काही नाही. हे जगभर प्रदर्शने भरवणारे, परंपरेशी भांडत आणि लाडीगोडी करत काम करणारे लोक आहेत. अशा कलेवरून स्फूर्ती घ्यायची म्हणजे तिची नक्षी उचलायची नाही. त्या लोकांना काम द्यायचे.

घरटे आणि घट

दोन वस्तू जवळून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली पोर्की हेफर यांची. जाहिरात क्षेत्रात बरीच वर्षे काढल्यावर हेफर यांनी २०११ मध्ये स्वतःचा व्यवसाय थाटला आणि माणूस आत बसू शकेल एवढी टांगती घरटी विणायला घेतली. नमुना विणकर पक्ष्यांच्या खोप्याचा. आपली सुगरण याच कुळातली, त्यामुळे मराठी वाचकाला हे घरटे समजावून सांगण्याची गरज पडू नये. (सुगरण असे स्त्रीलिंगी नाव देऊन आपण भाषेत थोडा अन्यायच केला आहे, खोपा विणतो तो नर.) खोप्याचे बळ त्याच्या तुकड्यांत नसते. एकेक पात चिवट असली तरी ती एकटी काहीच तोलू शकत नाही; गाठ, वळसा आणि पुन्हा गाठ यांतून भार सगळीकडे वाटला जातो. हेफर लोखंडी सांगाडा आत घेतात, पण बाहेरचे वेताचे किंवा चामड्याचे विणकाम कारागीर हातानेच करतात, आणि आत शिरायला वाकावेच लागते. हे वाकणे मला फार महत्त्वाचे वाटते. रुडकीच्या खुर्चीत बसलेला साहेब समोरचा मुलूख मालकाच्या नजरेने न्याहाळतो. घरट्यात शिरणारा पाहुणा आधी लहान होतो, त्याचे पाय अधांतरी राहतात, आणि बाहेरचे पक्षी त्याला बरोबरीच्या उंचीवर दिसतात. बैठकीचा प्रकार बदलल्याने बसणाऱ्याची जागाही बदलली. भिंतीवरच्या कोणत्याही चित्राला हे साधले नसते.

दुसरी वस्तू मडोडा फानी यांचा घट. केप टाउनजवळच्या गुगुलेथू वसाहतीतून आलेले फानी चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकावर एक चढवून भांडे उभे करतात. ते ओलसर असतानाच त्यावर खवले, किड्याच्या पाठीवरचे कवच किंवा शिंपल्याच्या कडा यांसारखी नक्षी कोरतात, मग गुळगुळीत वस्तूने घासून घासून चकाकी आणतात आणि भाजल्यावर धुरात ठेवतात. काळा-करडा रंग मिळतो तो लुकणातून, म्हणजे वरून दिलेल्या काचेरी लेपातून नव्हे, धुरातून. आपल्याकडे संक्रांतीच्या सुगडांवर आव्यात उमटलेला काळा डाग ज्याने पाहिला आहे, त्याला या रंगाची जात ओळखीची वाटेल. फरक इतकाच की आपल्या कुंभाराच्या दृष्टीने तो डाग म्हणजे भाजणीतली चूक, आणि फानी त्याच्यावर अंमल ठेवतात. चुमा मावेनी याच धुराच्या भाजणीने चाकावर घडवलेले भाग जोडून टेबले आणि स्टुले करतात. मातीच्या स्टुलावर माणूस बसू शकतो, ही गोष्ट ऐकताना विचित्र वाटते, पण मातीची जाडी आणि आकार बरोबर असेल तर ती दाबाचा भार उत्तम पेलते. तिला तोडतो तो ताण आणि ठोका.

मात्र या दोन्ही वस्तूंची येथे निगा राखणे सोपे नाही. धुराने काळवंडलेली अलुकण माती सच्छिद्र असते, तिच्यात पाणी घालून फुले ठेवली की ती पाझरते आणि पृष्ठभागावर डाग पडतात. वेत कोरड्या हवेत ठिसूळ होतो, दमट हवेत सैलावतो, आणि ओकावांगोत दोन्ही ऋतू येतात. माकडे आणि बबून यांना सुटलेले वेताचे टोक म्हणजे आमंत्रणच. संग्रहालयात वस्तूभोवती दोरी लावता येते, लॉजमध्ये नाही. तेव्हा आराखडा करतानाच दुरुस्तीचा खर्च आणि दुरुस्त करणारा माणूस दोन्ही ठरवावे लागतात. अशा कामात अंदाजपत्रकातली ही ओळ सर्वांत आधी कापली जाते, हे मी पुण्यातल्या माझ्या छोट्या कामांतही अनुभवले आहे.

इतर कामांवरून झरकन पुढे जातो. ॲडम बर्च तोडलेल्या किंवा उन्मळून पडलेल्या झाडांच्या दुबेळक्यांतून एकसंध बाके कोरतात. कॉनराड हिक्स हे लोहार आहेत, त्या शब्दाच्या जुन्या अर्थाने: ऐरण, हातोडा आणि तापलेला धातू. दोघांचीही कामे इमारतीत अशी मिसळली आहेत की पाहुण्याला ती आधी वापरता येतात आणि मग लक्षात येतात.

लॉजपासून थोड्या अंतरावर बाओबाब वृक्षाच्या आकाराचा पोलादी मनोरा आहे, ज्याच्या माथ्यावर उघड्या आकाशाखाली निजता येते. छायाचित्रांत सर्वांत जास्त हाच येतो आणि मला सर्वांत कमी पटतो. काढून नेता येईल अशा पोलादात तो केला, इथवर ठीक. पण झाडांच्या मुलखात झाडाची प्रतिकृती उभारताना वस्तूला काम देण्याचे तत्त्व सुटले आणि वस्तू पुन्हा देखावा झाली.

कोणाची आफ्रिका

आता मोठ्या आक्षेपाकडे. वर आलेली नावे पुन्हा वाचली तर ध्यानात येईल की हेफर, फानी, मावेनी, बर्च, हिक्स हे सगळे दक्षिण आफ्रिकेतले आहेत आणि लॉज आहे बोट्स्वानात. केप टाउन आणि ओकावांगो यांच्यामधले अंतर, भूगोल, भाषा आणि इतिहास हे सगळे 'आफ्रिकी' या एका शब्दाखाली झाकले जाते. ही चूक परकी नाही. आपल्याकडे विदर्भातल्या जंगलांशेजारी उभ्या राहिलेल्या हॉटेलांत भिंतभर वारली चित्रे दिसतात. वारली समाज राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पालघर-डहाणूकडे राहतो, आणि ज्या गोंड-माडिया लोकांच्या रानात ते हॉटेल आहे, त्यांचे तेथे काहीच नसते. 'आदिवासी' हा शब्द जे आपल्याकडे करतो, तेच 'आफ्रिकी' हा शब्द तेथे करतो. ज्या बटावानांनी स्वतःचे अभयारण्य राखले, त्यांच्या भूमीवर हा आक्षेप जास्तच बोचतो.

सदर्न गिल्डची बाजूही लक्षात घ्यायला हवी. एवढ्या दर्जाचे, एवढ्या संख्येने, ठरल्या मुदतीत काम पुरवणारी यंत्रणा गॅलरीभोवतीच उभी असते आणि अशी गॅलरी बोट्स्वानात नव्हती. पण यंत्रणा नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून यंत्रणा नाही, हे चक्र कोणीतरी मोठी मागणी नोंदवूनच तुटते. आणि बोट्स्वानात हात रिकामे नव्हते. राजधानी गाबोरोनेत पीटर माबेओ फर्निचर बनवतात. फेंडी या इटालियन फॅशन घराण्याने २०२१ च्या मायामीतल्या डिझाइन प्रदर्शनासाठी त्यांच्याबरोबर काम केले. कलहारीतल्या डी'कार या गावी १९९० पासून कुरू प्रकल्पात सॅन, म्हणजे कलहारीच्या मूळ रहिवासी समाजातले, स्त्री-पुरुष चित्रे आणि छापचित्रे करत आले आहेत. त्यांतल्याच एका चित्रकर्तीचे चित्र १९९७ मध्ये ब्रिटिश एअरवेजने विमानांच्या शेपटीवर मोठे करून रंगवले होते. विमानाच्या शेपटीपर्यंत जे पोचले, त्याला शेजारच्या त्रिभुज प्रदेशाचे अंतर फार नाही.

नव्याने आखायचे तर

असा लॉज उद्या कोणी पुन्हा आखायला घेतला, तर पहिली मागणी मी ओकावांगोच्या पश्चिम काठावरच्या एत्शा गावांकडे नोंदवीन. अंगोलातल्या युद्धामुळे १९६० च्या दशकाच्या अखेरीस हंबुकुशू लोक सीमा ओलांडून आले, त्यांना येथे वसवले गेले आणि गावांना एत्शा एक, एत्शा दोन असे क्रमांकच नाव म्हणून मिळाले. या गावांतल्या स्त्रिया मोकोला ताडाच्या कोवळ्या पात्यांपासून टोपल्या विणतात. तपकिरी रंग मोत्सेन्त्सेला झाडाच्या मुळांच्या सालीतून काढतात. विणकामाची पद्धत गुंडाळीची आहे: गवताची किंवा पात्यांची वळी फिरवत न्यायची आणि प्रत्येक फेरा खालच्या फेऱ्याला टाक्याने शिवायचा. नक्षींना नावे आहेत, जिराफाचे अश्रू, झेब्र्याचे कपाळ, बैलाच्या मुताची वाकडीतिकडी रेघ, धावता शहामृग. चालत्या गुरामागे आणि रानातल्या जनावरासमोर वर्षानुवर्षे उभे राहून पाहिलेल्या या गोष्टी आहेत. स्टुडिओत बसून त्या सुचत नाहीत.

येथेही मागणी डोळे मिटून वाढवता येणार नाही. टोपल्या परदेशी जाऊ लागल्या तशी गावांजवळची ताडाची झाडे आणि रंगाची मुळे कमी होत गेली, कारण पाते काढताना झाडाची कोवळी सुई कापली जाते आणि मुळाची साल काढली की झाड दुबळे होते. एका मोठ्या टोपलीला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. तेव्हा बारा निवासिकांच्या बारा भिंती एका हंगामात भरायच्या नाहीत. वर्षाला दोन किंवा तीन, तेवढीच ताडाची नवी लागवड मालकाच्या खर्चाने, विणणारीचे नाव टोपलीखाली तिला हवे असेल तर आणि तिच्याच अक्षरांत, आणि तोवर उरलेल्या भिंती रिकाम्या. पहिल्या वर्षी आलेला पाहुणा रिकाम्या भिंतीबद्दल विचारील. त्याला उत्तर द्यायला स्वागतकक्षात एत्शाच्या एखाद्या विणकरणीला नोकरी असावी, आणि ती तेथे बसून विणत असावी असा आग्रह कोणी धरू नये.